‘म्या काय त्याले बलावलं व्हतं?’ : वावर, विहीर आणि परका माणूस

मागच्या व्याख्यानात आपण मालकी म्हणजे काय, यावर बोललो. माझं वावर, माझं घर, माझी विहीर असं म्हणताना ‘माझं’ या शब्दात इतरांना दूर ठेवण्याचा हक्क कसा लपलेला असतो, ते आपण पाहिलं. आज त्याची उलटी बाजू घ्यायची आहे. ज्याला दूर ठेवायचा हक्क आहे, त्याच्या जागेत दुसरा कुणी आला आणि त्याला इजा झाली, तर मालक कधी बांधील असतो आणि कधी नसतो? विषय वकिलांचा आहे आणि आम्ही वकील नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकातून आला नाही, आजोबांच्या वावरातून आला.

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. आम्ही सात-आठ वर्षांचे असू. धुऱ्यापासून पंधरा पावलांवर आजोबांची विहीर होती, कठडा नसलेली. त्या काळी वावरातल्या निम्म्या विहिरी तशाच असत. तोंडाशी दगडी थर, बाजूला मोटेचं थारोळं, की झालं. एका रात्री एक मेंढपाळ पाणी पाहायला आला. त्याचा कळप शेजारच्या वावरात बसवलेला होता, आमच्या नाही. अंधारात त्याचा पाय गेला. पाणी कमी होतं म्हणून तो वाचला, पण मांडीचं हाड मोडलं ते मोडलंच. सकाळी चार माणसं ओसरीवर आली तेव्हा आजोबा म्हणाले, ‘‘म्या काय त्याले बलावलं व्हतं?’’ चुलीपाशी बसलेली आजी आतूनच बोलली, ‘‘बलावलं नाई, पन ईर तं आपलीच हाये.’’

दावा कुणी लावला नाही, लावणारही नव्हतं. पण ही दोन वाक्यं आमच्या डोक्यात राहिली, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी एका वकील मित्राच्या कपाटातली अपकृत्य कायद्याची जुनी पुस्तकं चाळताना कळलं, की इंग्लंडचे न्यायाधीश शंभर-दीडशे वर्षं नेमकं हेच भांडण भांडत होते. आजोबांच्या बाजूने बरेच, आजीच्या बाजूने थोडे.

आजोबांचं म्हणणं आधी नीट समजून घेऊ. इंग्रजी कायद्याने जागेत येणाऱ्या माणसाचे तीन प्रकार पाडले. एक, ज्याच्या येण्यात मालकाचाही फायदा आहे असा, म्हणजे कामाने आलेला. दुसरा, ज्याला मालकाने नुसतं येऊ दिलं आहे असा. आणि तिसरा, न विचारता आलेला. पहिल्याबद्दलचा गाजलेला निकाल १८६६ चा. लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसच्या जोडणीची तपासणी करायला एक कारागीर गेला. साखर वर ओढून घेण्यासाठी मजल्यांतून एक उघडी पोकळी ठेवलेली होती, तिला कठडा नव्हता. तो तिच्यातून खाली पडला. तो कारखान्याचा नोकर नव्हता, गॅसवाल्याचा होता. न्यायमूर्ती विल्स म्हणाले, हा माणूस तुमच्या कामासाठी आला होता. जो धोका तुम्हाला माहीत आहे किंवा माहीत असायला हवा, त्यापासून त्याला सांभाळणं तुमचं काम. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मात्र इतकंच सांगायचं, की बाबा, इथे लपलेला खड्डा आहे. आणि तिसऱ्यासाठी? मुद्दाम मारू नका, एवढंच.

आता गंमत पाहा. घरी जेवायला बोलावलेला पाहुणा कोणत्या खान्यात बसतो? आपल्याला वाटेल, पहिल्या. तर नाही, दुसऱ्या! १८५६ चा एक निकाल आहे. पाहुणा निघताना दार उघडायला गेला आणि दाराचं तावदान त्याच्या अंगावर पडलं. न्यायालय म्हणालं, पाहुणा म्हणजे घरच्यासारखाच. घरातल्या उणिवा जशा घरच्यांनी सोसायच्या तशा त्यानेही सोसायच्या. ‘घरचंच समजा हो’ हे आपण पंगतीत प्रेमाने म्हणतो, तेच तिथे नुकसानभरपाई नाकारायचं कारण झालं. अतिथीला देव म्हणणाऱ्या देशाने हे ऐकून हसावं की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही मात्र वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास हसत.

आता हे इंग्रजी खाने वऱ्हाडात कसे आले? आपला मुलूख यात जरा वेगळा आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं, पण मालकी नावाला निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, वेगळ्या हुकुमाने लावावे लागत. मात्र दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेच्या भरपाईबद्दल लावायला छापील कायदाच नव्हता, आजही नाही. अशा वेळी न्यायाधीशाने ‘न्याय, समन्याय आणि सद्‌विवेक’ यांना धरून निकाल द्यायचा, असं सूत्र होतं. ऐकायला फार उदात्त. पण सद्‌विवेक कुणाचा? १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकलं की याचा अर्थ बहुधा इंग्रजी कायद्याचे नियम, इथल्या समाजाला आणि परिस्थितीला लागू पडत असतील तर. म्हणजे आमच्या आजोबांचा वाद अकोल्याच्या कोर्टात गेला असता, तर तो लंडनच्या साखर कारखान्याच्या मापाने मोजला गेला असता. ‘लागू पडत असतील तर’ या चार शब्दांत बरंच काही करता आलं असतं. केलं फार थोड्यांनी.

एक गोष्ट मात्र लेखी आली आणि लवकर आली. इजा झालेला माणूस जिवंत राहिला तर दावा करू शके, पण मेला तर त्याच्याबरोबर दावाही मरे, अशी जुनी इंग्रजी रीत होती. म्हणजे जखमी करण्यापेक्षा जीव घेणं स्वस्त! इंग्लंडने १८४६ मध्ये ती मोडली आणि आपल्याकडे १८५५ चा तेरावा कायदा आला. त्याने बायको, नवरा, आईवडील आणि मुलं यांना दाव्याचा हक्क दिला. हा कायदा अजून चालू आहे. पण त्याचा आधार घ्यायचा तर कोर्ट फी भरायची, वकील लावायचा, वर्षानुवर्षं तारखा करायच्या. मालकाची जबाबदारी कायद्याने किती आणि व्यवहारात किती, यातलं निम्मं अंतर या कोर्ट फीनेच पडलं आहे, असं आमचं मत आहे.

वऱ्हाडात ‘जागेचा मालक’ म्हणजे नुसता वावराचा मालक नव्हे. इथला खरा मोठा मालक जिनचा. अमेरिकेतल्या यादवीने, म्हणजे १८६१ ते ६५ च्या युद्धाने, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. त्याच सुमाराला आगगाडी आली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. १८८६ मध्ये कारंज्याला कायद्याने बांधलेला पहिला कापूस बाजार झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. अकोला, अमरावती, खामगाव इथे जिन आणि प्रेसच्या चिमण्या उभ्या राहिल्या.

जिनमध्ये काय असे? रेच्यांची रांग, त्यांना फिरवणारा एक लांब दांडा, दांड्यावरून रेच्यांवर आलेले पट्टे, आणि हवेत सगळीकडे रुईचा भुरका. कापूस घालायला बाया. पदर, केस किंवा हात पट्ट्यात गेला की यंत्र थांबेपर्यंत वेळ लागे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात धोक्याच्या यंत्राला कठडा घालायची अट होती. ठीक. पण कारखाना कशाला म्हणायचं? शंभर माणसं हवीत आणि वर्षाला चार महिन्यांहून जास्त काम चालायला हवं. आता तुम्ही कापसाच्या मुलखातले आहात, तुम्हीच सांगा. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागतो, जिन पेटतं आणि हंगाम आटोपला की बंद. चार महिन्यांत काम उरकणारं जिन या व्याख्येत कारखानाच नव्हतं! १८९१ मध्ये माणसांचा आकडा पन्नासवर आला. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने. म्हणजे तीस वर्षं. मालक बांधील नसण्याचे जे काही प्रकार आहेत, त्यांतला हा आम्हाला सगळ्यात थंड वाटतो. कुणी ‘दोष तुझा’ म्हणत नाही, कुणी ‘धोका तू पत्करलास’ म्हणत नाही. फक्त व्याख्या अशी करायची, की तुझ्यावर यंत्र पडलं ती जागा यादीतच नाही.

आणि मजूर बाईबरोबर आलेलं तिचं लेकरू? ते कामावर नाही, बोलावलेलं नाही, आणि घरीही ठेवता येत नाही. इंग्रजी तीन खान्यांपैकी ते कुठे बसवाल? १९२३ च्या भरपाई कायद्याने कामगाराची सोय केली. मालकाची चूक सिद्ध करायची गरज राहिली नाही. दारू पिऊन, किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून इजा झाली तर मालक मोकळा. पण मृत्यूच्या बाबतीत पुढे तीही पळवाट बंद झाली. तो कायदा मात्र कामगाराचा, लेकराचा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची अट घातली, आणि कापूस उकलणारं यंत्र चालू असेल त्या प्रेसच्या भागात बाया-मुलांना कामाला लावण्याची बंदी केली. कायद्याला ते लेकरू दिसायला इतका वेळ लागला.

आता मालकाच्या बचावांकडे येऊ. त्यांतला सर्वांत जुना आणि आम्हाला प्रिय, तो असा : ‘तुला माहीत होतं, तरी तू आलास.’ प्लुटार्कने पेरिक्लिसच्या चरित्रात एक गोष्ट सांगितली आहे. खेळांत कुणाचा तरी भाला लागून एक माणूस मेला. तर पेरिक्लिस आणि प्रोटॅगोरस एक अख्खा दिवस वाद घालत बसले, की दोषी कोण? भाला, भाला फेकणारा, की खेळ भरवणारे? घरचे लोक या रिकामटेकडेपणाला हसले म्हणतात. पण खेळ भरवणारे दोषी असू शकतात हे त्यांना अडीच हजार वर्षांपूर्वी सुचलं, हे काही थोडं नाही.

आपल्याकडे भाल्याच्या जागी शंकरपट घ्या. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट कुणाला माहीत नाही? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. या सगळ्या वर्षांत वाद झाला तो बैलाच्या वेदनेवर, आणि तो व्हायलाच हवा होता. कडेला उभ्या असलेल्या माणसाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. सुटलेली जोडी गर्दीत शिरली तर? इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्सच्या मोटार शर्यतीत एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत गेली. १९३३ च्या निकालात मालक सुटला. कारण तोवरच्या तेवीस वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं, आणि शर्यतीत जो धोका असतोच तो तिकीट काढणाऱ्याने मनातून पत्करलेला असतो, असं न्यायालय म्हणालं. पण इथे नीट लक्ष द्या. खेळात असतो तो धोका पत्करला, आयोजकाचा निष्काळजीपणा नव्हे. पटाच्या दोन्ही बाजूंना साधी दोरी बांधलेली नसेल, तर ‘तू आपल्या मर्जीनं उभा होता’ हे म्हणणं टिकू नये.

आणि माहीत असणं म्हणजे मान्य असणं नव्हे. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हा फरक कळतो. पाटी लावणाऱ्यांना कळत नाही. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ ही पाटी मंगल कार्यालयापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे असते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलाच्या प्रकरणात सांगितलं, की गाडी आणि किल्ली तुम्ही ताब्यात घेतलीत तर पावतीवर छापलेल्या ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या ओळीआड तुमचा निष्काळजीपणा झाकला जात नाही. ती गाडीची चोरी होती, माणसाची इजा नव्हती. माणसाचं उदाहरण हवं तर तेही दिल्लीचंच आहे. १९७२ मध्ये एका जर्मन विमान कंपनीचा सहवैमानिक पंचतारांकित हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात उडी मारताना तळाला आपटला आणि मानेखाली लुळा पडला. तेरा वर्षांनी तो वारला. निकाल लागला १९९७ मध्ये : पन्नास लाख. जितके पैसे जास्त घेता तितकी काळजीही जास्त घ्या, असा त्या निकालाचा सूर होता. पंचवीस वर्षं लागली, हे जाता जाता लक्षात ठेवा.

दुसरा बचाव दैवाचा. पांढऱ्या मातीच्या वाड्याची भिंत पावसात बसली आणि रस्त्यावरचं माणूस दबलं, की मालक आभाळाकडे बोट दाखवतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा १९५८ साली छापलेला एक निकाल आहे. पावसात भिंत पडून मुलं दगावली. मालक म्हणाला, त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला, ही देवाची करणी. न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस येणारच. जे अपेक्षित आहे ते दैव नव्हे. १९६६ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालय याहून पुढे गेलं. मनोरा ऐंशी वर्षांचा, त्याच्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. रस्त्यालगतची इमारत आपोआप कोसळते यातच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि दोष दिसत नव्हता म्हणून पालिका सुटत नाही. अमरावतीच्या जुन्या वस्तीतून फिरताना वर बघत चालायची आम्हाला सवय आहे. तो काही स्थापत्यप्रेमाचा भाग नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण वऱ्हाडात आज माणसं मरतात ती कुंपणापायी.

कुंपण ही मालकीची सर्वांत जुनी भाषा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुरांनी पीक खाल्ल्याचा विचार आहे. गावालगतच्या चराऊ पट्ट्यात कुंपण नसलेलं पीक गुरांनी खाल्लं तर गुराख्याला दंड नाही. कुंपण कसं हवं? उंटाला वरून पाहता येऊ नये इतकं उंच, आणि कुत्र्याचं की डुकराचं तोंड शिरेल असं भोकही त्यात नको. मनूशी आमची भांडणं पुष्कळ आहेत, ती इथे काढत नाही. पण या एका जागी तो शेतकऱ्याला काय म्हणतो आहे ते पाहा : राखण करायची जबाबदारी आधी तुझी, मग दुसऱ्याचा दोष.

आमच्या लहानपणी कूप असे बोराटीचा. बोरीच्या काट्या ओढून धुऱ्यावर रचायच्या. डुक्कर अडलं नाही तर जागलीला माळ्यावर बसायचं, डबा वाजवायचा. आता जागलीला माणूस मिळत नाही. रोही आणि रानडुकरं वाढली. एका रात्रीत अर्ध्या एकरातली तूर जमीनदोस्त झालेली आम्ही स्वतः पाहिली आहे. त्या सकाळी त्या शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पंचनामा होतो, भरपाई येते, पण कधी आणि किती हे त्यालाच विचारा. मग तो काय करतो? साधा तार ओढतो आणि मोटरच्या पेटीतून २३० व्होल्टची लाइन त्यात सोडतो. बाजारात झटका मशीन मिळतं. ते बॅटरीवर चालतं, क्षणभराचे तुटक झटके देतं. जनावर दचकून पळतं, मरत नाही. ते महाग पडतं. घरातली लाइन फुकट वाटते.

आणि मग त्या ताराला कोण लागतं? चोर फार क्वचित. लागतो तो शेजारी. कारण शेतीची थ्री फेज लाइन पाळीपाळीने येते, आठवड्यातले काही दिवस रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री दोन वाजता निघतो आणि धुऱ्याधुऱ्याने जातो. धुरा हाच त्याचा रस्ता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ तहसीलदाराला दुसऱ्याच्या हद्दीवरून वाट ठरवून द्यायचा अधिकार देतं. कायद्यालाही माहीत आहे, की वावरात जायला दुसऱ्याच्या वावराची कड लागते. कधी कधी तर ताराला हात लागतो तो लावणाऱ्याच्याच मुलाचा.

‘म्या काय त्याले बलावलं व्हतं?’ हा बचाव इथे चालतो का? हे भांडण इंग्लंडात दोनशे वर्षांपूर्वी झालं. तिथले जमीनदार रानात आपोआप उडणाऱ्या बंदुका लावून ठेवत. तारेला पाय लागला की गोळी सुटे. १८२० मध्ये एक माणूस, ‘बंदुका आहेत’ हे माहीत असूनही, दिवसा जंगली फळं गोळा करायला गेला आणि जखमी झाला. मालक सुटला : पाटी लावली होती, तुला माहीत होतं. सिडनी स्मिथ नावाच्या पाद्र्याने याविरुद्ध कडक लेख लिहिले. १८२७ मध्ये पार्लमेंटने अशा बंदुकांना बंदी केली, फक्त रात्री घराच्या आत मुभा ठेवली. १८२८ चा निकाल बंदीच्या आधी घडलेल्या प्रकाराचा. ब्रिस्टलजवळ एकाने ट्यूलिपच्या बागेत अशी बंदूक पाटीशिवाय ठेवली. चोर आलाच नाही. शेजारची लांडोर उडून भिंतीआड गेली, तिला परत आणायला एकोणीस वर्षांचा पोरगा चढला आणि गुडघ्यात गोळी खाऊन पडला. या वेळी मालक हरला. दोन्ही खटल्यांत न्यायमूर्ती बेस्ट होते. ट्यूलिप आणि गुडघा यांची तुलना करायला त्यांना मधली आठ वर्षं लागली असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल, कारण पाटी हा फरक त्यांनी दोन्ही वेळा धरला. पण पाटी वाचून लांडोर उडत नसते.

आपल्याकडचा निकाल जास्त स्वच्छ आहे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, १९६३, सर्वोच्च न्यायालय. शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली म्हणून ते आरोपीच्या संडासात जाऊ लागले. त्याला ते खपलं नाही. त्याने वाटेत उघडी तांब्याची तार लावून तिच्यात वीज सोडली. एक बाई गेली, तार लागली, मेली. आरोपी म्हणाला, माझी जागा, ती परवानगीशिवाय आली. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी म्हटलं, की विनापरवाना आलेला माणूस म्हणजे काही कायद्याबाहेर टाकलेला, कुणीही मारावा असा लांडगा नव्हे. त्याला थेट मारता येत नाही, तसंच आपल्याला परिणाम ठाऊक असलेला सापळा लावूनही मारता येत नाही. कलम ३०४ अ खालची शिक्षा कायम राहिली. तेव्हा त्या कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत आहे. आणि जीव जाऊ शकतो हे माहीत असून लाइन सोडली असं न्यायालयाला वाटलं, तर सदोष मनुष्यवधाचं याहून भारी कलम लागतं.

म्हणजे घुसखोराच्या बाबतीत मालक कधी सुटतो? जेव्हा त्याने धोका पेरलेला नसतो. जागा जशी असते तशीच असते, आणि कुणी येईल असं मानायला कारण नसतं. ओबडधोबड बांधावरून घसरून चोराचा पाय मोडला तर चोराला दावा नाही. इंग्लंडने १९२९ मध्ये याच नियमाने, कोळसाखाणीच्या चाकात सापडून मेलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या बापाला रिकाम्या हाताने पाठवलं. तिथे मुलं रोज खेळत होती. ही चूक त्यांना १९७२ मध्ये सुधारावी लागली. रेल्वेचं मोडकं कुंपण ओलांडून सहा वर्षांचं पोर विजेच्या रुळावर गेलं होतं. तेव्हा घुसखोरालाही ‘साध्या माणुसकीचा’ हक्क आहे असं तिथे मानलं गेलं. त्याआधीच, १९५७ च्या कायद्याने, त्यांनी पहिले दोन खानेही एकत्र केले होते. आपल्याकडे तसा कायदा झाला नाही. आपले न्यायाधीश प्रकरणाप्रकरणाने चालतात.

रेल्वेवरून एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. बडनेऱ्याला कुणाला सोडायला गेलात तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ मध्ये प्लॅटफॉर्म तिकीटवालाही प्रवासी धरलेला आहे, आणि तिथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, स्वतः ओढवलेली इजा, गुन्हा, नशा, आजार, अशा कारणांनीच रेल्वे सुटते. दहा-वीस रुपये वाचवण्यात माणूस स्वतःला तिसऱ्या खान्यात टाकून घेतो.

विहिरीची गोष्ट अर्धी राहिली. त्या मेंढपाळाला आजोबांनी बंडीत घालून मूर्तिजापूरला नेलं. तीन महिने त्याच्या बिऱ्हाडाला आमच्याकडून ज्वारी जात होती. आजोबा शेवटपर्यंत म्हणत, ‘‘देणं लागत नव्हतो, देल्लं.’’ आजी यावर काही बोलत नसे. पण पुढच्या उन्हाळ्यात सरकीचे पैसे आले तेव्हा तिने गवंडी बोलावून विहिरीला छातीएवढा कठडा घालून घेतला. आजोबांना विचारलं होतं की नाही, आम्हाला ठाऊक नाही.

आता ती विहीर कोरडी आहे. बाजूला पुतण्याने बोअर मारलं, दोनशे फुटांवर फुफाटाच निघाला. तो केसिंग काढून विकणार होता. आम्ही त्याला सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश वाचून दाखवले. बोअर मारायच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं, काम चालू असताना कुंपण आणि पाटी, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडाला लोखंडी झाकण, आणि सोडून दिलेलं बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायचं. तो म्हणाला, ‘‘काका, तिथं येते कोन?’’ आम्ही काही बोललो नाही. ट्रॅक्टरभर मुरूम आणवला. त्याचे पैसे आम्हीच दिले, ते अजून यायचे आहेत.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. झटका मशीनच्या किमतीचे सोडून, ते आम्हाला सांगता येणार नाहीत.